आयनावरचा प्रभार ओळखायचा कसा? की सगळं पाठच करायचं?

अजिंक्यतारा_पायथा | मंगळवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याची, मुलगी नववीत आहे. तिला क्लासमध्ये एक झेरॉक्स दिलीय, चाळीस आयनांची यादी. सोडियम +१, कॅल्शियम +२, ॲल्युमिनियम +३, ऑक्साईड -२, नायट्राईड -३, अशी खाली खाली जाते आणि शेवटी सल्फेट, नायट्रेट, फॉस्फेट वगैरे. शनिवारी परीक्षा. आठवडाभर घरात पाढ्यांसारखं चाललंय, कपड्यांच्या घड्या घालताना पण तोंडात तेच, आणि तरी सल्फाईड आणि सल्फेट यांची अदलाबदल होतेच.

काल तिनं मला मधेच विचारलं, आई ॲल्युमिनियमला तीनच का गं, चार का नाही? मी कॉमर्सची. मी म्हटलं ते तसंच असतंय बाळा. ती गप्प बसली आणि परत पाठ करायला लागली. तेव्हापासून मला चैन नाही, कारण प्रश्न चांगला होता आणि मी तो मारून टाकला असं वाटतंय.

तर विचारायचं हे की यादी न बघता, नुसत्या मूलद्रव्याच्या नावावरून किंवा जागेवरून प्रभार किती येणार हे ओळखता येतं का? येत असेल तर नववीच्या पोरीला कळेल असं कुणी सांगेल का?

कंदीपेढा | मंगळवार, रात्री ९:२०

वाचतोय. मला आजपण फक्त सोडियम आठवतो.

फळा_खडू | मंगळवार, रात्री १०:०५

ताई, मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यातली बरीचशी वाई तालुक्यात. तुमच्या मुलीचा प्रश्न हाच धड्याचा गाभा आहे, यादी नंतरची.

आवर्तसारणी समोर घ्या. तिच्या पुस्तकात आहे. उभ्या ओळी म्हणजे गण, १ ते १८. सगळ्यात उजवीकडं गण १८, राजवायू, हेलियम निऑन अरगॉन. हे कुणाशी सहसा संयोग पावत नाहीत. बाकीच्यांचं आयन झाल्यावर, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन किंवा घेऊन अणूवर प्रभार आल्यावर, जे इलेक्ट्रॉन संरूपण (कुठल्या कवचात किती इलेक्ट्रॉन) उरतं ते बहुतेक वेळा जवळच्या राजवायूसारखं असतं, एवढं एकच सूत्र धरून चला.

सोडियमचा अणुअंक ११, संरूपण २,८,१. एक गेला की २,८, म्हणजे निऑनसारखं. अकरा प्रोटॉन, दहा इलेक्ट्रॉन, म्हणून +१. मॅग्नेशियम २,८,२, दोन गेले, +२. ॲल्युमिनियम २,८,३, तीन गेले, +३. आता उजवीकडून या. क्लोरीन २,८,७, एक आला की अरगॉनसारखं, म्हणून -१. ऑक्सिजन २,६, दोन आले, -२. नायट्रोजन २,५, तीन आले, -३. म्हणजे गण १, २ आणि १३ मध्ये अनुक्रमे +१, +२, +३, आणि गण १५, १६, १७ मध्ये गणातून १८ वजा करायचे, -३, -२, -१. मधला गण १४, तिथला कार्बन देत पण नाही घेत पण नाही, बहुधा भागीदारी करतो, म्हणून त्याचा साधा आयन यादीत दिसत नाही.

यादीतला पहिला निम्मा भाग तर इथंच संपला बघा, एकही पाठ न करता. गण ३ ते १२ मधल्या धातूंचं मात्र वेगळं आहे, लोखंड तांबं वगैरे. त्यावर उद्या लिहितो, डोळे थकले.

संगमघाट | मंगळवार, रात्री १०:१८

+१. (हा सहमतीचा आहे, सोडियमचा नाही.)

कराडचा_क्लासवाला | मंगळवार, रात्री ११:३१

सरांचा आदर ठेवून थोडं वेगळं मत मांडतो. मी स्वतः क्लास घेतो, आठवी ते दहावी. पोरांना आधी पाठ करायला लावतो आणि त्यात काही चूक वाटत नाही मला. कारण परीक्षेत कॅल्शियम फॉस्फेटचं सूत्र लिहा आलं की पोरगं तिथं संरूपण मांडत बसलं तर पुढचे दोन प्रश्न गेले. पाढे पाठ असतात तसे हे पाठ पाहिजेत. सात आठे छप्पन्न आपण दरवेळी बेरीज करून काढतो का? आणि सरांनी सांगितलं ते गण १, २, १३, १५, १६, १७ साठी छान बसतं पण यादीत खाली सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट, फॉस्फेट, अमोनियम आहेत, ती मूलकं, म्हणजे मिळून एक प्रभार असलेले अणूंचे गट, आवर्तसारणीत कुठंच नाहीत, ती कशी ओळखणार? लोखंडाला +२ पण आहे +३ पण आहे, ते कुठल्या नियमानं सांगणार? ज्या मुलांचं आठवीत पाठ झालेलं असतं त्यांना नववीत समजायला पण सोपं जातं हा माझा बारा वर्षांचा अनुभव आहे. आधी पाठ, मग समज, तेवढंच म्हणणं.

माणदेशी_मुरूम | बुधवार, सकाळी ६:५०

ॲल्युमिनियमला चार का नाही, ह्याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही, म्हणून लिहितो. मी म्हसवडकडचा, विहिरी आणि बोअरच्या कामात आयुष्य गेलं, शिक्षण बीएस्सी केमिस्ट्री, ते कामात आलं नाही पण विसरलो पण नाही.

आमच्याकडं विहीर खणायला घेतली की वर माती लागते, कुदळीनं भराभर जाते. मग मुरूम, त्याला पहार लागते, घाम निघतो पण जातोय. मग काळा पाषाण. तिथं कुदळ पहार सगळं बाजूला, सुरुंगच पाहिजे, एका फुटाला जेवढा खर्च येतो तेवढ्यात वर अख्खा खड्डा झालेला असतो. कुठल्या विहिरीला पाषाण किती फुटावर लागला हे कळलं की मालक तिथंच थांबतो.

आता अणूतनं इलेक्ट्रॉन काढायचा तर ऊर्जा लागते, तिला आयनीभवन ऊर्जा म्हणतात, किलोज्यूल प्रति मोल मध्ये मोजतात. आकडे बघा.

सोडियम: पहिला ४९६, दुसरा ४५६२. एका फुटावरच पाषाण. म्हणून +१.
मॅग्नेशियम: ७३८, १४५१, मग तिसऱ्याला ७७३३. दोन फुटावर पाषाण. +२.
ॲल्युमिनियम: ५७८, १८१७, २७४५, आणि चौथ्याला ११५७७.

तिसऱ्यावरनं चौथ्यावर जाताना चौपटीच्या वर उडी आहे. कारण पहिले तीन बाहेरच्या कवचातले, आणि चौथा आतल्या कवचातला, केंद्रकाच्या जवळचा, घट्ट धरलेला. ताई, पोरीला सांगा, चौथा काढायला सुरुंग लागतो आणि तो खर्च रसायनात कुणी भरून देत नाही.

आता क्लासवाल्या दादांचं लोखंड घ्या. ७६२, १५६२, २९५७, ५२९०. इथं पाषाण लागतच नाही, मुरूमच जरा जरा घट्ट होत जातोय. म्हणून कुठं थांबायचं हे पक्कं नाही, कधी दोनवर थांबतं कधी तीनवर. नियम मोडला नाही, जमीनच तशी आहे.

कंदीपेढा | बुधवार, सकाळी ७:३०

काका, हे मला कुणी दहावीत सांगितलं असतं तर मी आज कुठं असतो. लै भारी.

अजिंक्यतारा_पायथा | बुधवार, दुपारी २:१५

मुरूमकाका, काय लिहिलंय. तिला वाचून दाखवलं. आमच्या आजोळी कोरेगावला विहिरीचं काम चालू असताना तिनं सुरुंगाचा आवाज ऐकलाय, लगेच डोळ्यासमोर आलं तिच्या. आकडे वहीत उतरवून घेतले.

फळा_खडू सर, एक घोळ झाला. सासऱ्यांनी त्यांचं जुनं पुस्तक काढलं, त्यात क्लोरीन गण सात अ मध्ये आहे, हिच्या पुस्तकात १७ मध्ये. दोघांची त्यावरून जुंपलीय.

फळा_खडू | बुधवार, दुपारी ४:००

दोघेही बरोबर आहेत, जुंपू देऊ नका. जुन्या पद्धतीत गणांना रोमन आकडे आणि अ, ब लावायचे. नव्यात सरळ १ ते १८. उजवीकडच्या १३ ते १७ गणांना नव्या आकड्यातून १० वजा केले की जुना आकडा येतो, आणि तोच बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांचा आकडा असतो. १७ मधून १० गेले ७, बाहेर सात इलेक्ट्रॉन. सासरेबुवांना माझा नमस्कार सांगा, त्या जुन्या पद्धतीत हा आकडा डोळ्यासमोर यायचा ही तिची सोय होती.

आता क्लासवाल्यांच्या मूलकांबद्दल. ती आवर्तसारणीत नाहीत हे खरं, पण आम्लात आहेत. सल्फ्युरिक आम्लात दोन हायड्रोजन असतात, प्रत्येक +१ होऊन निघाला की मागे राहिलं ते सल्फेट, -२. नायट्रिक आम्लात एक हायड्रोजन, म्हणून नायट्रेट -१. फॉस्फरिक आम्लात तीन, म्हणून फॉस्फेट -३. कार्बोनिकमध्ये दोन, कार्बोनेट -२. आणि अमोनियम उलट, अमोनियाला एक हायड्रोजन आयन येऊन चिकटला, म्हणून +१. आम्लाचं सूत्र माहीत असलं की मूलकाचा प्रभार हाताशी.

सल्फाईड आणि सल्फेट: शेवट ऐकायचा. आईड म्हणजे एकटं गंधक, ऑक्सिजन नाही. आईट म्हणजे ऑक्सिजन आहे पण कमी. एट म्हणजे जास्त. गंधकाच्या बाबतीत तिघांचाही प्रभार -२ च आहे, त्यामुळं अदलाबदल झाली तरी निम्मं उत्तर वाचतं, पण पदार्थ वेगळा होतो हो.

संगमघाट | बुधवार, संध्याकाळी ५:४५

सर, एक शंका. आम्लातले हायड्रोजन मोजा म्हणालात, पण व्हिनेगरमधल्या ॲसिटिक आम्लात चार हायड्रोजन आहेत आणि ॲसिटेट -१ आहे. तिथं पोरगं -४ लिहून येईल.

फळा_खडू | बुधवार, संध्याकाळी ६:२०

बरोबर पकडलंत. ऑक्सिजनला जोडलेला हायड्रोजनच निघतो, कार्बनला जोडलेले तीन तिथंच राहतात. मी सांगितलेल्या चारही आम्लांत सगळे हायड्रोजन ऑक्सिजनलाच जोडलेले आहेत म्हणून मोजणी चालते. हे मी पहिल्यांदाच लिहायला हवं होतं.

विट्याहून_पुण्यात | बुधवार, रात्री १०:४०

धागा मस्त चाललाय, एका गोष्टीवर मात्र मला बोलायचंय कारण ती शाळेपासून सगळ्यांच्या डोक्यात बसते आणि एमएस्सीला येईपर्यंत निघत नाही. ती म्हणजे सोडियमला इलेक्ट्रॉन "द्यायचा असतो", क्लोरीनला "हवा असतो", दोघं खूश. सोडियमला काहीही द्यायचं नसतं. मुरूमकाकांनी आकडा दिलाच आहे, तो इलेक्ट्रॉन काढायला ४९६ लागतात. क्लोरीनला तो दिला की परत मिळतात ३४९. म्हणजे सुटे सुटे अणू घेऊन हा व्यवहार केला तर १४७ चा तोटा आहे. कोण करेल?

तोटा भरून निघतो तो नंतर. सोडियम आणि क्लोराईड एकमेकांना चिकटून रचले जातात, मिठाच्या खड्यात प्रत्येक सोडियमच्या भोवती सहा क्लोराईड आणि प्रत्येक क्लोराईडच्या भोवती सहा सोडियम, आणि ही रचना होताना ७८७ बाहेर पडतात. म्हणजे तोटा जाऊन भरपूर उरलं. आता कुणी म्हणेल मग सोडियम +२ का नाही होत, +२ झाला तर रचना अजून घट्ट होईल, जास्त ऊर्जा मिळेल. मिळेल की, पण त्यासाठी आधी ४५६२ भरायला लागतील आणि तेवढे परत येत नाहीत. मॅग्नेशियमला दुसऱ्याचे १४५१ भरणं परवडतं कारण ऑक्साईडबरोबर रचना झाल्यावर त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त परत येतं.

तेव्हा प्रभार ओळखायचा म्हणजे खर्च आणि वसुली यांचा मेळ कुठं बसतो ते ओळखायचं. राजवायूसारखे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन उरणं हा त्या मेळाचा दिसणारा परिणाम आहे. लोखंडाचा मेळ दोन ठिकाणी बसतो, समोर कोण आहे आणि हवा पाणी कसं आहे त्यावर ठरतं.

कराडचा_क्लासवाला | गुरुवार, सकाळी ८:०५

हे आवडलं. "हवा असतो" मी पण शिकवतो, उद्यापासून बदलतो. पण लोखंड आणि तांब्याचं परीक्षेत कसं करायचं हे अजून कुणी सांगितलं नाही.

मोरचूद_चुना | गुरुवार, सकाळी ९:३०

तांब्याचं मी सांगतो. तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे, तांबं आमच्या बॅरलमध्ये असतं.

बोर्डो मिश्रण, म्हणजे बुरशीवर फवारायचं औषध, सगळ्या बागायतदारांना माहितीय, बाकीच्यांसाठी सांगतो. एक टक्क्याचं करायचं तर मोरचूद (कॉपर सल्फेट) एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी शंभर लिटर. मोरचूद एका प्लास्टिकच्या बॅरलमध्ये विरघळवायचं, चुना दुसऱ्यात, मग दोन्ही एकदम तिसऱ्यात ओतत ढवळत राहायचं. आकाशी रंगाचं दाट मिश्रण होतंय. १८८५ साली फ्रान्समध्ये मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञानं द्राक्षाच्या केवडा नावाच्या बुरशी रोगावर हे जाहीर केलं, आजपण चालतंय.

फवारायच्या आधी वडील एक काम करायचे. विळ्याचं पातं घासून चकचकीत करायचं आणि मिश्रणात बुडवून थोडा वेळ धरायचं. बाहेर काढून बघायचं. पात्यावर तांबूस थर आला तर म्हणायचे, अजून चुना घाल, नाहीतर पानं जळतील. पातं जसंच्या तसं पांढरं निघालं तरच पंपात भरायचं.

लहानपणी मला वाटायचं विळ्याला गंज आला. नंतर कळलं ते तांबंच. मोरचुदातलं तांबं +२ आयन असतं, ते मोकळं राहिलं असलं की लोखंडाकडनं दोन इलेक्ट्रॉन घेऊन परत धातू होऊन पात्यावर बसतंय, आणि तेवढंच लोखंड पाण्यात उतरतंय. चुना पुरेसा पडला की तांब्याचे आयन सुटे राहत नाहीत, म्हणून थर येत नाही. म्हणूनच मोरचूद लोखंडी डब्यात विरघळवत नाहीत, डबाच खातंय ते.

दोन हा आकडा कुठनं कळला तर मोरचुदाच्या नावावरनंच, कॉपर सल्फेट, एका तांब्याला एक सल्फेट. सल्फेट -२ हे सरांच्या आम्लावरनं आलं, बेरीज शून्य पाहिजे, म्हणून तांबं +२.

फळा_खडू | गुरुवार, सकाळी १०:१५

हेच. अशा धातूंसाठी पुढून ओळखत बसायचं नाही, जोडीदाराकडून मागं यायचं. जोडीदाराचा प्रभार पक्का असतो, एकूण बेरीज शून्य असते, राहिलेला आकडा धातूचा. आणि नाव नीट वाचायचं. फेरस म्हणजे +२, फेरिक म्हणजे +३. क्युप्रस +१, क्युप्रिक +२. अस म्हणजे कमी, इक म्हणजे जास्त. नव्या पुस्तकांत तर नावातच कंसात रोमन आकडा असतो, ओळखायचं काही उरतच नाही.

जस्त आणि चांदी तेवढे लक्षात ठेवा. जस्त +२, चांदी +१, मधल्या गणांत असूनही हे दोघं सहसा आपला आकडा सोडत नाहीत.

मोरचूद_चुना | गुरुवार, सकाळी १०:४०

सर, फेरस सल्फेट म्हणजे आमचं हिराकस. चुनखडीच्या रानात नव्या पानांवर केवडा येतो, बुरशीचा नव्हे, लोखंड कमी पडल्याचा, शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं. जमिनीत लोखंड असतंय पण +३ होऊन बसलेलं, मुळाला सहज मिळत नाही. म्हणून हिराकस फवारतो नाहीतर शेणखतात मुरवून देतो. पोतं उघडं राहिलं की फिकट हिरवे खडे वरनं पिवळट तपकिरी होतात, तेच +३ व्हायला लागलेलं.

संगमघाट | गुरुवार, दुपारी १२:३०

माझं सांगलीत औषधाचं दुकान आहे. रक्तवाढीच्या गोळ्यांच्या पाकिटावर बघा, बऱ्याच पाकिटांवर फेरस सल्फेट नाहीतर फेरस फ्युमरेट लिहिलेलं असतं. आतड्यात फेरस रूप सहज शोषलं जातं म्हणून. लिंबू पिळून घ्या, चहाबरोबर घेऊ नका असं मी बायकांना रोज सांगतो, त्यातलं लिंबू म्हणजे +३ ला +२ करायला मदत.

आणि ताई, ओआरएसची पुडी मुलीच्या हातात द्या. एक लिटरच्या पुडीवर सोडियम क्लोराईड २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम असं छापलेलं असतं. तिला विचारा, सायट्रेटवर प्रभार किती? तिच्या यादीत नसणार. पण नावातच ट्रायसोडियम आहे.

अजिंक्यतारा_पायथा | गुरुवार, दुपारी ३:०५

विचारलं! पाच सेकंदात म्हणाली -३. यादी न बघता. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

चोपण_रान | गुरुवार, रात्री ८:५०

मी वाळवा तालुक्यातला. आमच्यात कृष्णाकाठी उसाला पाणी देऊन देऊन रानं खराब झाली, काही क्षारपड, काही चोपण. माझं दीड एकर चोपण होतं. पावसात पाय टाकला की गुडघ्याएवढा चिखल, वाळलं की दगड, पाणी मुरतच नव्हतं. माती परीक्षण केलं तर सोडियम जास्त.

तिथल्या साहेबांनी जे समजावलं ते ह्या धाग्यात बसतंय म्हणून लिहितो. मातीच्या चिकण कणांवर ऋण प्रभार असतोय. त्याला धन आयन चिकटतात. सोडियम +१, त्याची पकड ढिली, कण एकमेकांपासनं सुटे होतात, फुगतात आणि पाण्याच्या वाटा बुजतात. कॅल्शियम +२, त्याची पकड घट्ट, कण जवळ येऊन त्यांचे खडे होतात, माती मोकळी होते. म्हणून जिप्सम टाकायचं, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. एक कॅल्शियम आत बसला की दोन सोडियम बाहेर. एकाला एक नाही, दोन, कारण प्रभाराचा हिशेब जुळला पाहिजे.

आणि बाहेर पडलेला सोडियम जायला वाट पाहिजे, नाहीतर तिथंच राहतोय, म्हणून जमिनीखालनं सच्छिद्र पाईप घातली. पैसा लागला, वेळ लागला, तिसऱ्या वर्षी सोयाबीन उभं राहिलं. +१ आणि +२ मधला फरक मी पायानं मोजलेला आहे.

माणदेशी_मुरूम | गुरुवार, रात्री ९:१०

दादा, शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

कंदीपेढा | गुरुवार, रात्री ९:२५

अवांतर: हळदीत चुना घातला की कुंकवासारखी लाल होते ते पण आयनच का? सांगलीकर सांगा.

विट्याहून_पुण्यात | गुरुवार, रात्री ९:५०

हो, चुन्यातले हायड्रॉक्साईड -१ हळदीतल्या कर्क्युमिनमधला हायड्रोजन काढतात, कर्क्युमिनचा ऋण आयन होतो आणि त्याचा रंग लालसर. लिंबू पिळलं की परत पिवळी. त्यावर वेगळा धागा काढा, इथं ताईंची परीक्षा होऊ दे.

अजिंक्यतारा_पायथा | शनिवार, संध्याकाळी ७:१५

परीक्षा झाली. वीसपैकी अठरा. गेले ते दोन शिशाला. तिनं नुसतं +२ लिहिलं, +४ राहिला. सर, शिशाचं आपण बोललोच नव्हतो.

कराडचा_क्लासवाला | शनिवार, संध्याकाळी ७:४०

अभिनंदन ताई! शिसं आणि कथील दोघं गण १४ मध्ये खाली आहेत, बाहेर चार इलेक्ट्रॉन, त्यातले कधी दोन जातात कधी चारही. घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत दोन्ही बघायला मिळतात, चार्ज असताना एका प्लेटवर लेड डायऑक्साईड, त्यात शिसं +४, आणि बॅटरी उतरली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट, म्हणजे +२. पुढच्या बॅचला मी यादीच्या आधी मुरूमकाकांचे आकडे फळ्यावर लिहिणार आहे. पाठांतर सोडणार नाही, पण क्रम बदलतो.

अजिंक्यतारा_पायथा | रविवार, सकाळी ११:००

आज मोरचूददादांचा प्रयोग केला. काचेच्या बरणीत पाणी, चिमूटभर मोरचूद, आणि काचपेपरनं घासलेले सहा खिळे. मोरचूद विषारी म्हणून हातमोजे घातले, बरणी स्वयंपाकघराच्या बाहेर ठेवली. दहा मिनिटांत खिळे तांबूस झाले! ती जमिनीवर पालथी पडून बघत होती.

आणि लगेच नवीन प्रश्न: तांब्यानं दोन घेतले, म्हणजे लोखंडानं दोन दिले. पण लोखंडाला तर तीन देता येतात, मग इथं दोनवरच का थांबलं? मी ह्या वेळी "ते तसंच असतंय" म्हटलं नाही. धाग्यावर विचारते म्हटलं.

सोल्डरगन_मिरज | रविवार, दुपारी १:२०

इतके दिवस नुसतं वाचत होतो, हा प्रश्न माझा आहे.

मी आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स, घरी पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड, बनवतो. तांब्याचा पत्रा असलेला बोर्ड, हवा तो भाग शाईनं झाकायचा आणि बोर्ड फेरिक क्लोराईडमध्ये बुडवायचा. उघडं तांबं विरघळून जातं. म्हणजे काय, +३ लोखंड तांब्याकडनं इलेक्ट्रॉन ओढून घेतं आणि स्वतः +२ होतं. लोखंडाचा तिसरा इलेक्ट्रॉन तांब्यापेक्षा जास्त घट्ट धरलेला असतो. मग तांब्याचा आयन तो कसा काय काढून घेणार? पहिले दोन त्याला झेपतात, तिसरा झेपत नाही. उलट तुमच्या बरणीत चुकून +३ तयार झालं तर खिळ्याचं लोखंडच त्याला इलेक्ट्रॉन देऊन परत +२ वर आणेल.

तिसरा काढायला तांब्यापेक्षा जोरकस कुणीतरी पाहिजे, आणि तो घरातच आहे, हवेतला ऑक्सिजन. असं करा. निळा रंग जाऊन पाणी फिकट हिरवट होईपर्यंत खिळे राहू द्या, दोनेक दिवस जातील. मग खिळे काढून घ्या आणि बरणी उघडी ठेवा. आणि खिळे काढायच्या आधी तिला कागदावर लिहून ठेवायला सांगा, पाण्याचं काय होईल.

फळा_खडू | रविवार, दुपारी २:००

मिरजकर, फार चांगलं. मला हे एकतीस वर्षांत असं सुचलं नव्हतं.

अजिंक्यतारा_पायथा | पुढचा रविवार, सकाळी ९:१०

मंगळवारी खिळे काढले. पाणी जेमतेम हिरवट होतं. तिनं चिठ्ठी लिहून घडी करून बरणीखाली ठेवली, मला वाचू दिली नाही.

गुरुवारी पाणी पिवळट दिसायला लागलं. आज सकाळी तपकिरी आहे आणि तळाला गंजासारखा गाळ बसलाय. सासरे पण चष्मा लावून बघायला आले. चिठ्ठी उघडली. त्यात लिहिलं होतं, "पाणी हिराकसच्या उघड्या पोत्यासारखं होईल. तिसरा जाईल."